१३३६ किलोमीटरवरून एक मिलिमीटर

गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय. कंपनीच्या बसमध्ये सांगितली, चौकातल्या टपरीवर चहा गार होईपर्यंत सांगितली, भातलावणीला आलेल्या मेहुण्याला गुडघाभर चिखलात उभं राहून सांगितली. आता तुम्हाला सांगतो. १३३६ किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सात किलोमीटर वेगाने एक उपग्रह पळतोय, आणि खालचा समुद्र वर्षाला किती मिलिमीटर वर आला हे त्याच्या मोजणीतून कळतंय. मिलिमीटर! इंद्रायणी तांदळाचा दाणा आडवा धरला तर त्याच्या जाडीपेक्षाही बारीक माप!

सुरुवात लोणावळा स्टेशनवर झाली. पुण्याची लोकल उशिरा होती, पाऊस उभा कोसळत होता आणि माझी नववीतली लेक फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी वाचत होती. अशा पाट्यांवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती म्हणाली, "पप्पा, समुद्र तर सारखा खालीवर होतो. मग ही उंची नक्की कुठल्या पाण्यापासून मोजली?"

मला उत्तर आलं नाही. आणि प्रश्न माझ्याच धंद्यातला होता, म्हणून तो डोक्यातून जाईना.

मी टाकवे बुद्रुकचा. कान्हे फाट्यावरून आत वळायचं, रूळ ओलांडायचे, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा की आमचं गाव. पुढे सगळा आंदर मावळ. घरी भाताची खाचरं आहेत आणि पोटापाण्याला कारखान्यात क्वालिटीचं काम. वीस वर्षं मी मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि हाइट गेज हातात धरतोय. आमच्या मोजमापाच्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट असते. जॉबची प्रत्येक उंची त्या प्लेटपासून मोजायची. प्लेट चुकली की सगळंच चुकलं. समुद्रसपाटी म्हणजे आख्ख्या देशाची सरफेस प्लेट. आणि लेकीचं म्हणणं खरं होतं, ही प्लेट हलते. दिवसातून दोनदा हलते! उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं.

शोधायला बसलो, आणि पहिल्याच रात्री अपोलो बंदर सापडलं. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली उभा राहिला. त्याच्या कितीतरी आधी, १८७८ पासून, मुंबईच्या भरती-ओहोटीच्या नोंदी उपलब्ध आहेत. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी त्या एक. यंत्र इतकं साधं की डोळ्यांत पाणी यावं. समुद्राला लागून एक उभी विहीर, तिला तळाशी बारीक भोक. भोकातून लाटांचा धिंगाणा आत येत नाही, भरती मात्र हळूहळू येते. आत एक तरंगता गोळा, त्याला जोडलेली लेखणी आणि घड्याळावर फिरणारा कागदाचा ढोल. अशा नऊ बंदरांतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढून भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ च्या उंचीजाळ्याचं शून्य धरलं. त्या नऊत मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम होती आणि तेव्हाची आपली कराचीही. लेकीला सकाळी उठवून सांगितलं: पाटीवरच्या आकड्याचं शून्य या नऊ विहिरींतून आलंय!

पण विहिरीला एक खोड आहे. ती समुद्राची उंची शेजारच्या जमिनीच्या मानाने मोजते. जमीन खचली तरी तिला समुद्रच चढल्यासारखा वाटतो. शिवाय ती काठावर बसलेली. मधल्या अफाट पाण्याचं तिला काय कळणार? म्हणून वरून बघायचं ठरलं. १० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून ‘टोपेक्स-पोसायडन’ हा उपग्रह सोडला. त्याच्यामागून जेसन-१ (२००१), जेसन-२ (२००८), जेसन-३ (२०१६) आणि २०२० मध्ये सेंटिनल-६ मायकेल फ्राइलिश. सगळे त्याच १३३६ किलोमीटरच्या कक्षेत. दर दहा दिवसांनी, नेमकं सांगायचं तर ९.९ दिवसांनी, पुन्हा त्याच वाटेवरून.

काम काय, तर खाली रडारचा एक ठोका सोडायचा, तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. जाऊन-येऊन नऊ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या दहापटीहून अधिक वेळ लागतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे एक मिलिमीटर उंची पकडायची तर पिकोसेकंदांचा हिशेब ठेवायला हवा: सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा, त्यातले साडेसहा-सात तुकडे म्हणजे एक मिलिमीटर. हे वाचलं तेव्हा मी उठून अंगणात जाऊन आलो.

माझं पहिलं मत सांगतो: अशक्य. माझ्या हातातला मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, आणि त्यासाठी जॉब घट्ट पकडलेला असतो, खोली २० अंशांवर ठेवलेली असते. इथे तर जॉब उसळतोय, मोजणारा पळतोय आणि दोघांमध्ये आख्खं वातावरण. एका ठोक्याने मिलिमीटर मिळतो असं मात्र हे मोजणाऱ्यांतलं कुणीच म्हणत नाही, हे पुढे वाचताना कळलं. सेकंदाला हजारो ठोके जातात. एका सेकंदाच्या ठोक्यांची मिळून एक नोंद होते आणि तेवढ्यात उपग्रह जमिनीवरचं जवळजवळ सहा किलोमीटर अंतर कापतो. त्या एका नोंदीची अचूकता सुमारे तीन सेंटिमीटर. दहा दिवसांत अशा लाखो नोंदी जगभरच्या समुद्रांवरून गोळा होतात, आणि त्यांची सरासरी काढली की इकडे-तिकडे सांडलेल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती काही मिलिमीटर. मग वर्षांमागून वर्षं तोच हिशेब चालू ठेवला की चढण्याचा वेग मिळतो, आणि त्या वेगातली अनिश्चितता वर्षाला सुमारे ०.४ मिलिमीटर.

इथे माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. सरासरीने विखुरलेली चूक मरते, हे मान्य. झीरो एररचं काय? मायक्रोमीटरचं शून्यच सरकलेलं असेल तर एकदा मोजा की हजारदा मोजा, प्रत्येक वेळी तेवढंच चुकणार. माझ्या पहिल्या नोकरीत एका सकाळी झीरो न तपासता मी दोनशे जॉब पास केले होते. सगळे एकसारखे चुकले होते. फोरमन मला रागावून एक शब्द बोलले नाहीत, नेमक्या मापाच्या ठोकळ्यांची, म्हणजे स्लिप गेजची, पेटी समोर ठेवली आणि म्हणाले, "आधी हत्याराला मोज, मग जॉबला." तेव्हापासून मी कुठलाही आकडा बघितला की आधी विचारतो, हत्यार कुणी मोजलं? म्हणून मी समुद्रवाल्यांची तपासणी शोधायला लागलो, आणि इथून पुढे मला झोप लागेनाशी झाली.

आधी वाटेतला हिशेब ऐका. रडारचा ठोका हवेतून जाताना थोडा रेंगाळतो, म्हणून समुद्र आहे त्यापेक्षा खाली वाटतो. नुसत्या कोरड्या हवेमुळे २.३ मीटर! तो फरक हवेच्या दाबावरून काढतात. हवेतल्या वाफेमुळे आणखी चाळीसेक सेंटिमीटरपर्यंत, आणि वाफ तर तासातासाला बदलते. मावळातल्या माणसाला हे सांगायला नको. म्हणून उपग्रहावर वाफ मोजणारं वेगळं यंत्र बसवलंय. त्याच्याही वर आयनोस्फिअर, म्हणजे विजेने भारलेल्या कणांचा थर. तो ठोक्याला किती अडवतो हे काढायला दोन वेगवेगळ्या वारंवारितांचे ठोके सोडतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून अडथळा ओळखतात. काय डोकं आहे! लाटांचीही एक खुबी: लाटेचा खळगा रडारचा ठोका चांगला परतवतो, माथा कमी परतवतो. त्यामुळे सरासरी खळग्याकडे झुकते. तेही दुरुस्त करतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. तेही. भरती-ओहोटी तर आहेच.

आणि परतणारा ठोका एकच बातमी आणत नाही. त्याच्या चढत्या कडेचा मध्य म्हणजे सरासरी पातळी, त्या कडेचा उतार म्हणजे लाटांची उंची, आणि ठोक्याच्या जोरावरून वारा किती आहे ते कळतं. एका हाकेला तीन उत्तरं.

पण समुद्र उपग्रहापासून किती खाली आहे हे कळलं तरी उपग्रह स्वतः किती वर आहे? तो सेंटिमीटरभर खाली आला तर समुद्र सेंटिमीटरभर चढल्याचा भास होणार. म्हणून त्याच्यावर तीन बाजूंनी पहारा: जमिनीवरून लेझर मारून अंतर मोजायचं, जगभर पसरलेल्या डोरिस नावाच्या रेडिओकेंद्रांचे संकेत ऐकायचे आणि वर जीपीएस. तिघांची साक्ष जुळवून त्याची उंची एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पक्की करतात.

आता स्लिप गेज. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात हार्वेस्ट नावाचा तेल काढायचा फलाट होता. टोपेक्सची वाट मुद्दाम त्याच्या डोक्यावरून आखलेली. वरून उपग्रह जायचा त्याच क्षणी खाली फलाटावर पाणी मोजलं जायचं. वरचा आकडा, खालचा आकडा, समोरासमोर. कॉर्सिका बेटावर, ऑस्ट्रेलियाच्या बास सामुद्रधुनीत, ग्रीसच्या गावडोस बेटावर अशीच ठिकाणं आहेत. आणि आपल्याकडे? लक्षद्वीपमधलं कवरत्ती! अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तिथे उपग्रहांचं शून्य तपासायची सोय केली. नकाशावर कवरत्ती दाखवताना माझी लेक टाळ्या वाजवत होती.

त्याहून मला आवडली ती ‘जोडीने चालण्याची’ रीत. नवा उपग्रह गेला की जुना बंद करत नाहीत. सेंटिनल-६ जेसन-३ च्या मागे फक्त तीस सेकंदांवर, त्याच वाटेवरून, कित्येक महिने उडत होता. दोघांनी तोच समुद्र अर्ध्या मिनिटाच्या फरकाने मोजायचा आणि आकड्यांतला फरक लिहून ठेवायचा. आमच्याकडे नवं गेज आलं की जुन्याच्या शेजारी ठेवून तोच जॉब दोन्हींवर मोजतात. अगदी तेच, फक्त अंतराळात!

आणि चुका? झाल्या. त्या झाल्या आणि पकडल्या गेल्या, म्हणून तर माझा विश्वास बसला. टोपेक्सच्या घड्याळाची घसरण दुरुस्त करणाऱ्या प्रणालीतच गडबड होती. त्यामुळे सुरुवातीला समुद्र खऱ्यापेक्षा खूप वेगाने चढताना दिसला. १९९६ मध्ये ती सापडली, हिशेब पुन्हा केला. पुढे लक्षात आलं की १९९३ ते १९९८ या काळात टोपेक्सचं पहिलं रडार हळूहळू म्हातारं होत होतं, म्हणून १९९९ मध्ये दुसरं चालू केलं. आणि ही सरक पकडायला कुणाची मदत झाली? बंदरांमधल्या त्याच जुन्या भरतीमापकांची! २०१५ मध्ये टास्मानियातल्या संशोधकांनी जगभरचे भरतीमापक आणि जमिनीची हालचाल सांगणारे जीपीएस एकत्र घेऊन हा सगळा हिशेब पुन्हा तपासला. तोपर्यंत चढण्याचा वेग मंदावल्यासारखा दिसत होता. दुरुस्तीनंतर तो वाढताना दिसला. विहिरीतला तरंगता गोळा आकाशातल्या रडारला सांगतोय, बाबा रे, तुझं शून्य सरकलंय. माझ्या अख्ख्या नोकरीत मी याहून सुंदर कॅलिब्रेशन ऐकलेलं नाही.

आपला उपग्रह राहिला की! २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० ने ‘सरल’ उडवला. इस्रोचा उपग्रह, त्यावर फ्रान्सचं ‘अल्टिका’ रडार. उंची सुमारे आठशे किलोमीटर. समुद्राची पातळी मोजणाऱ्या उपग्रहांत इतक्या आखूड लहरीवर काम करणारा हा पहिलाच. लहर आखूड असल्याने त्याचा ठसा लहान पडतो, म्हणून तो किनाऱ्याच्या जास्त जवळपर्यंत नीट मोजू शकतो. इतर रडारांना काठाजवळ जमिनीचा परतावा मिसळून गोंधळ व्हायचा. आयनोस्फिअरचा त्रासही त्याला जवळजवळ नाही. एकच शत्रू: पाऊस. जोराच्या सरीत त्याचे ठोके विरतात. आषाढात पश्चिम किनाऱ्यावर त्याचं काय होत असेल हे आंदर मावळात बसून कळायला जड नाही.

मग या सगळ्या खटाटोपातून निघालं काय? गोव्याच्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी २००७ मध्ये मुंबईसारख्या जुन्या बंदरांच्या नोंदी पिंजून काढल्या: विसाव्या शतकात उत्तर हिंदी महासागर वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर चढला. आणि आमच्या गावापासून तास-दीड तासावर, पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेल्या अहवालात उपग्रहांच्या काळातला, म्हणजे १९९३ ते २०१७ चा आकडा आहे: वर्षाला ३.३ मिलिमीटर. जगाची सरासरीही त्याच्याच आसपास. १९९३ पासून जगभरचा समुद्र दहा सेंटिमीटरच्या वर चढलाय. तीस वर्षांत चढण्याचा वेग दुपटीहून अधिक झालाय. वाढीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग नुसता पाणी तापून फुगल्याचा. गरम जॉब मोजू नकोस, असं फोरमन म्हणायचे. इथे जॉबच गरम होत चाललाय.

हे वाचताना आनंदाच्या पोटात काळजीचा गोळा आला, तो लपवत नाही. माझा चुलतभाऊ अलिबागजवळ राहतो.

पण सगळ्यात वेड लावणारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. २०१०-११ मध्ये समुद्र उतरला! जगभरचा समुद्र सुमारे पाच मिलिमीटर खाली गेला आणि उपग्रहांना ते दिसलं. कारण काय? ला निना. त्या काळात जमिनीवर इतका पाऊस पडला की समुद्राचं पाणी काही काळ जमिनीवरच राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात तर पाण्याला समुद्राकडे जायला वाटच नाही, ते तिथेच साचलं. ग्रेस नावाच्या जुळ्या उपग्रहांनी जमिनीवरच्या त्या पाण्याचं वजन मोजून दाखवलं. सांगा मला, खाचरात पाणी अडवणाऱ्या माणसाला याहून मोठी गोष्ट कुठली? माझ्या बांधाच्या आत तुंबलेलं पाणी हे समुद्राकडून आलेलं उसनं पाणी आहे. २००८ मध्ये तैवानच्या बेंजामिन चाओ यांनी हिशेब मांडला की जगभरच्या धरणांत अडवलेल्या पाण्यामुळे समुद्र सुमारे तीन सेंटिमीटर कमी चढला. त्या तीन सेंटिमीटरांत आमच्या वरचं ठोकळवाडी आलं, पवना आलं, वळवण आलं.

ठोकळवाडीचं तर आणखीच निराळं. इथला पाऊस मुळात आंद्रा, इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी १९२२ साली ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं. तिथून ते उल्हास नदीतून अरबी समुद्राला मिळतं. एकाच ढगाचं पाणी, दोन समुद्र.

आणि आता जमिनीवरचं पाणीही वरून मोजलं जातंय. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला ‘स्वॉट’ नावाचा उपग्रह दहा मीटर अंतरावरच्या दोन अँटेनांनी एकशे वीस किलोमीटर रुंदीचा पट्टा बघतो, आणि अडीचशे मीटर लांब-रुंद तळ्याचीही पातळी सांगू शकतो. ठोकळवाडीचा जलाशय त्याहून कितीतरी मोठा आहे. परवा सुट्टीला लेकीला घेऊन वडेश्वरच्या पुढे गेलो, काठावर उभे राहिलो. पाऊस थांबला होता, पाणी गढूळ आणि काठोकाठ. ती काही बोलली नाही, फक्त वर बघत राहिली.

शाळेतल्या मास्तरांना, बाईंना, आणि मुलं घेऊन लोकलने फिरणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी स्टेशनवर गाडी उशिरा असेल तेव्हा पिवळ्या पाटीच्या तळाचा आकडा मुलांना वाचायला लावा. आणि त्यांनी विचारलं, "कुठल्या पाण्यापासून?" तर अपोलो बंदरच्या विहिरीपासून सांगायला सुरुवात करा.